सिस्टरबाईचा जामीन

शरयू मुळेला बुलढाण्यातली चौथी खोली सोडावी लागली ती एका बैलगाडीमुळे. घरमालकीण विमलबाई सकाळी सडा टाकायला दार उघडते तो समोर गाडी सोडलेली, बैल कडबा खात उभे, आणि गाडीत एक तरुण बाई. तिचे हातपाय दोराने आवळलेले होते आणि ती आभाळाकडे बघून एकसारखी हसत होती. तिचा बाप चाकाशी मातीत बसला होता. विमलबाईला पाहताच तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "येड्याईच्या शिस्टरबाई इथंच राह्यतेत ना?"

शरयू बाहेर आली, तिने दोर सोडवले, त्या मुलीला पाणी पाजले आणि हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. दुपारी परतली तेव्हा विमलबाई ओट्यावर तिची वाट बघत बसली होती.

"तुमच्यात वाईट काही नाही हो, सिस्टर," ती म्हणाली, "पण आमची सून गरोदर आहे. रोज उठून दारात हे असलं बघायचं म्हणजे... महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा."

शरयूने हुज्जत घातली नाही. आधीच्या घरांतही तिने जवळपास हेच ऐकले होते. कुठे सुनेऐवजी लग्नाची मुलगी होती, कुठे म्हातारी सासू. निघताना सगळे तिला चांगलीच म्हणत.

ती मेहकरच्या एका भिक्षुकाची मुलगी. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच नवरा विषमज्वराने गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले. वडील थकलेले. काका चिंतामणराव व्यवहारी होते. त्यांनी तिला नागपूरला नर्सिंगला घातले, कारण तिथे शिकता शिकता राहण्याजेवण्याची सोय होत होती. पुढे वेड्यांच्या इस्पितळात जागा निघाल्या. इतर मुलींनी नाही म्हटले, शरयूला नाही म्हणायला घर नव्हते. पहिले काही महिने ती रडत झोपे. मग तिच्या ध्यानात आले की आपल्याला ह्या बायकांची भीती वाटत नाही. ओरडणाऱ्या बाईजवळ गप्प बसून राहता येणे ही काही सगळ्यांना जमणारी गोष्ट नव्हती, आणि तिला ती जमत होती.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी तिची बदली बुलढाण्याच्या दवाखान्यात झाली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. वेड लागलेल्या माणसाला आधी तिथे काही दिवस नजरेखाली ठेवत आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की नागपूरला नेत. बाई असली की सोबत शरयू जाई. राजूरचा घाट उतरून बसने मलकापूर, तिथून रेल्वे. बरोबर एक पोलीस. कुणी बरे होऊन परतत, कुणी परतत नसत. परतणाऱ्यांच्या घरच्यांना शरयूचा पत्ता तोंडपाठ असे आणि पुढच्या घराला तोच पत्ता ते सांगत. म्हणून तिच्या दारात गाड्या सुटायच्या.

विमलबाईने मुदत दिली त्याच सुमारास दवाखान्यातल्या लोकांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली होती. गावाबाहेर जागा मिळाली होती, आणि थोडक्या पगाराच्या नोकरदारांना सरकार घर बांधायला कर्ज देत होते. संस्थेचे सेक्रेटरी होते हेडक्लार्क रमाकांत वैद्य. मनाने सरळ, पण कुणाचाही रोष ओढवून न घेणारा माणूस. शरयूने अर्ज केला तेव्हा त्यांनी तिला समजावून सांगितले, "कर्जाला दोन जामीनदार लागतात, सिस्टर. एक नोकरदार चालेल. दुसरा मात्र शेतीवाला हवा, स्वतःच्या नावावर जमीन असलेला."

नोकरदार जामीन लगेच मिळाला. दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर इंद्रभान मान हलवून म्हणाले, "लिहा माझं नाव." शेतीवाला मात्र मिळेना. मेहकरला चुलतभावाची पाटाखालची जमीन होती. शरयू त्याच्याकडे गेली. त्याने जेवू घातले, पानसुपारी दिली आणि मग नजर दुसरीकडे वळवून म्हणाला, "ताई, तुझ्यामागे कोण आहे? उद्या तुझं काही बरंवाईट झालं तर त्या घराचं मी काय करू?" बसमध्ये बसल्यावर तिला वाटले, त्याचे काही खोटे नाही. आपल्यामागे कोणी नाही म्हणून तर घर हवे आहे, हे मात्र त्याला सांगून समजले नसते.

ही गोष्ट तिच्या एका जुन्या पेशंटच्या, गोजरबाईच्या, कानावर कशी गेली ते शरयूला नीट कधी कळले नाही. बहुधा इंद्रभाननी कुणाला सांगितले असावे. एका सोमवारी गोजरबाई दवाखान्याच्या आवारात येऊन उभी राहिली. विटके लुगडे, कपाळ मोकळे, हातात कापडी पिशवी. शरयूने तिला लगेच ओळखले.

गोजरबाई लोणारकडच्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर काही महिन्यांतच तिचे मन फिरले. ती जेवेना, झोपेना, विहिरीत कुणीतरी हाका मारते म्हणून सारखी विहिरीकडे धावे. घरच्यांनी तिला गोठ्यात बांधून ठेवले होते. शरयू तिला नागपूरला नेत होती तेव्हा मलकापूरच्या फलाटावर तिने गोजरबाईच्या मनगटाचे दोर सोडले होते. पोलीस रागावला होता. गोजरबाई मात्र कुठेही पळाली नव्हती. रिकाम्या मनगटांकडे बघत गाडी येईपर्यंत बसून राहिली होती. वर्ष-दीड वर्षाने ती बरी होऊन आली. गावात घरच्यांनी सांगून ठेवले होते की ती भावाकडे गेली आहे. गावाने ते मानले, निदान तसे दाखवले.

"जामीन मी राह्यतो," गोजरबाई म्हणाली. "मालकामागं वावर माह्या नावावर आलं हाय. सातबारा आनला."

शरयूने तिला बाकावर बसवले. "नको, गोजरबाई. कचेरीत विचारतील, तुमची माझी ओळख कुठली म्हणून. काय सांगणार?"

"जे हाय ते."

"घरी लग्नाची मुलगी आहे तुमच्या."

गोजरबाईने पिशवीतून सातबारा काढून बाकावर ठेवला. मग म्हणाली, "तुमी माह्यासाठी कोनाले इचारलं होतं का बाई? सोडले ना दोर. मंग मले काऊन इचारता?"

शरयूने आणखी एकदा नाही म्हटले. तिसऱ्यांदा म्हटले नाही. विमलबाईने दिलेली मुदत संपत आली होती. ह्या तिसऱ्या वेळेबद्दल तिने स्वतःला पुढे कधी माफ केले नाही, पण त्या वेळी ती गप्प राहिली हे खरे.

कचेरीकडे जाताना तिने मनाशी ठरवून टाकले की माहेरच्या ओळखीच्या म्हणून सांगायचे. मेहकर आणि लोणार काही लांब नाही, खपून जाईल. कर्जाचे काम पाहणारे साहेब तरुण होते. त्यांनी कागद चाळले, सातबारा पाहिला आणि सहज विचारले, "ह्या बाई तुमच्या कोण?"

"माझ्या माहेरच्या..." शरयूने सुरुवात केली.

"नाही साहेब," गोजरबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खोली लहान होती. "मी येडी झालती. ह्या बाईनं मले नागपूरले नेलं अन् मानसात आनलं. तवापासूनची वळख."

कारकुनाचा टाक थांबला. कोपऱ्यात लोणारकडचा एक तलाठी काही कामाने बसला होता, त्याने मान वर केली. साहेबांनी कागद पुन्हा पहिल्या पानापासून चाळले. शेवटी ते म्हणाले, त्यांचा गोजरबाईवर अविश्वास नाही, पण अशा माणसाची जामिनकी कायद्यात बसते की नाही ते बघावे लागेल. मोठ्या डॉक्टरांचा दाखला आणावा.

मोठे डॉक्टर म्हणजे शरयूचेच साहेब. त्यांनी तपासणीच्या वेळी शरयूला खोलीत बसू दिले, पण बोलायचे नाही अशी अट घातली. त्यांनी वार विचारला, गाव विचारले, मुलांची नावे विचारली, पेरणीला काय काय घातले ते विचारले. जामीन राहणे म्हणजे काय ते विचारले. गोजरबाई म्हणाली, "बाईनं पैसे नाही भरले तं सरकार माह्या वावराले हात घालीन." डॉक्टरांनी चष्मा काढला.

"पुन्हा तसं होणार नाही असं वाटतं तुम्हाला?"

शरयू खुर्चीत पुढे सरकली.

"ते मी कसं सांगू साहेब," गोजरबाई म्हणाली. "पन झालंच तं कुठं यायचं ते ठाऊक हाय."

दाखला मिळाला. पुढे कर्जही मंजूर झाले. गोजरबाईने कागदावर अंगठा उमटवला, तो पदराला पुसला आणि दुपारच्या एसटीने परत गेली. जाताना चहासुद्धा घेतला नाही.

जागांच्या चिठ्ठ्या काढायच्या आधी संस्थेची बैठक झाली, दवाखान्याच्या व्हरांड्यात. शरयूचे नाव आले तशी कुजबुज सुरू झाली. रमाकांत वैद्य उठले. ते अवघडले होते.

"सिस्टर, तुमच्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. पण वस्तीत कुटुंबं राहणार, लेकरंबाळं असणार. एवढं एक सांगा की पेशंट तुमच्या घरी येणार नाहीत. दवाखान्यात येऊ द्या ना, त्याला कोण नाही म्हणतंय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिला चार भिंती दिसत होत्या, त्यातली एक चूल, एक खिडकी, आणि महिनाअखेर म्हणून कुणीही येऊन बोलणार नाही असा ओटा.

"येणार नाहीत," ती म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बैठक संपल्यावर शरयू आपल्या मागच्या खोल्यांकडे गेली. गाडीतून आलेल्या मुलीचा हुकूम अजून झाला नव्हता, ती खाटेवर शांत बसली होती. तिच्याकडे बघताना शरयूच्या मनात आले, जे लपवले असते तर चालले असते ते गोजरबाई भरल्या कचेरीत बोलली, आणि मी मात्र माझ्याच माणसांना नाही म्हणून आले.

घर वर्षभरात उभे राहिले, तोवर तिने भाड्याच्या पाचव्या खोलीत दिवस काढले. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कवेलूंचे छप्पर. पहिल्या दिवशी तिने सगळी दारे उघडी टाकली आणि नुसतीच ह्या खोलीतून त्या खोलीत फिरली. पुढच्याच महिन्यात किसन आला. गोजरबाईचा थोरला मुलगा. तो पडवीतच उभा राहिला, बस म्हटले तरी बसला नाही.

"घर चांगलं झालं बाई," तो म्हणाला. "माह्या बहिनीचं मोडलं."

कचेरीतल्या तलाठ्याच्या तोंडून बातमी लोणारच्या बाजारात गेली होती आणि बाजारातून पाहुण्यांकडे. किसनच्या बहिणीला, रुखमाला, कुंकू लागले होते, लग्नाची बोलणी पुरी झाली होती. पाहुण्यांनी निरोप धाडला की येडीच्या पोटची पोरगी आम्हाले नको.

"मी दुसरा जामीन शोधते," शरयू म्हणाली. "तुमच्या आईचं नाव काढून टाकते."

"नाव काढून का होते आता? तोंडातून गेलं ते गेलं." त्याच्या आवाजात राग होता, पण त्याहून थकवा जास्त होता. "चार वर्सं आमी ते झाकून ठेवलं होतं बाई. तुमाले चार भिंती पाह्यजे होत्या म्हनून..." तो पायऱ्या उतरून निघून गेला.

शरयूने रजा काढली आणि ती गोजरबाईच्या गावी गेली. गोजरबाई वावरात कापूस वेचत होती. ओटीतला कापूस तिने गाठोड्यात ओतला आणि बांधावर येऊन बसली.

"किसन आलता ना तुमच्याकडं? मी नाही धाडला."

"तुम्ही असं बोलायला नको होतं, गोजरबाई. मी सांगत होते ना माहेरच्या म्हणून."

"आइका," गोजरबाई म्हणाली. "परत आली तवापासून मी घरात कधी मोठ्यानं हासली नाही. रडली बी नाही. जरा आवाज चढला तं किसन माह्या तोंडाकडं पाह्ये, सून लेकराले उचलून घे. माह्या घरातच मी चोरावानी राह्यत होती. लपवता लपवता पुन्यांदा येडी झाली असती मी. त्या दिवशी साहेबापुढं तोंडातून निंघालं अन् आंगावरचं ओझं उतरल्यावानी झालं."

"आणि रुखमा?"

गोजरबाई ओंजळीतल्या बोंडाची वाळलेली पाने एकेक करून काढत राहिली. तेवढ्यात रुखमाच पाण्याचा तांब्या घेऊन आली. सतरा-अठराची, आईसारखीच उंच. तिने तांब्या शरयूपुढे ठेवला, पेला ठेवला, आणि एकदाही मान वर न करता निघून गेली. शरयू पाणी प्यायली, कारण न पिणे आणखी वाईट दिसले असते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, शरयूच्या नव्या घरापुढे एक जोडपे आले. संग्रामपूरकडची माणसे, दोन बस बदलून आलेली. बाईचे मूल पंधरवड्यापूर्वी गेले होते आणि तेव्हापासून ती बोलत नव्हती. नवरा तिला आधी दवाखान्यातच घेऊन गेला होता. पण त्या इमारतीचे फाटक पाहताच ती मागे फिरली, रस्त्याला लागली. आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी शरयूचे घर दाखवले. आता ती पडवीच्या पायरीवर बसली होती, मांडीवर दुमडलेली कुंची घेऊन.

शरयू दारात उभी होती. समोरच्या घरातून एका बाईने अंगणातल्या मुलाला आत ओढून घेतले. शेजारची खिडकी लागली. शरयूला आपला शब्द आठवला, आणि हेही कळले की आत्ता आपण ह्यांना परत दवाखान्याची वाट दाखवली तर कुणीच आपल्याला चूक म्हणणार नाही. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. ऊन पायरीवर होते. बाई उन्हात होती.

"आत चला," शरयू म्हणाली.

तिने त्या बाईला स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीजवळच्या सावलीत बसवले. काहीच विचारले नाही. भाकरी टाकली, पिठले केले, ताट पुढे ठेवले. नवरा पडवीत जेवला. बाईने पहिला घास खाल्ला तेव्हा चार वाजत आले होते. ऊन उतरल्यावर शरयू तिला मागच्या रस्त्याने, फाटक टाळून, दवाखान्यात घेऊन गेली.

संस्थेची बैठक त्याच आठवड्यात झाली.

"सिस्टर, तुम्ही शब्द दिला होता," रमाकांत वैद्य म्हणाले. त्यांच्या स्वरात दुखावलेपण होते, कारण त्या शब्दावर विसंबून त्यांनी इतरांची समजूत घातली होती.

"दिला होता," शरयू म्हणाली. "घर हवं होतं म्हणून दिला. तो द्यायलाच नको होता. आता तो मी पाळणार नाही. तुम्हाला करायचं ते करा."

कुणी म्हणाले, सभासदत्व काढा. कुणी म्हणाले, वर अर्ज करा. वैद्य म्हणाले, घरावर सरकारचे कर्ज आहे, त्यामुळे हात लावता येणार नाही. खूप बोलणे झाले आणि ठराव काहीच झाला नाही. इंद्रभान तेवढे उठून शरयूबरोबर बाहेर चालत आले.

शिक्षा झाली ती वेगळीच. शेजाऱ्यांनी आपली भिंत शरयूच्या बाजूने आधी बांधली आणि उंच बांधली. संक्रांतीला तिच्याकडे तिळगूळ आला तो दोनच घरांतून. तिच्या पलीकडची कोपऱ्यावरची जागा कितीतरी वर्षे रिकामी राहिली, तिथे बाभळी वाढल्या. तिच्या दारात माणसे येतच राहिली. गाड्या कमी झाल्या आणि एसटीने येणारे वाढले, एवढेच.

रुखमाचे लग्न दोन वर्षांनी झाले. मलकापूरच्या बाजूला, एका बिजवराशी, त्याला आधीची दोन मुले होती. त्याला सगळे आधीच सांगितले होते. त्यानंतर गोजरबाई एकदा बुलढाण्याला आली आणि शरयूच्या घरी मुक्कामाला राहिली. तिने दोन्ही खोल्या हिंडून पाहिल्या, भिंतीवर हात फिरवला, कवेलूंकडे मान वर करून पाहिले.

"चांगलं बांधलं," ती म्हणाली.

दोघी चहा घेत बसल्या. शरयूने विचारले, "रुखमा येते का माहेरी?"

"दिवाळीले नाही आली. किसन आनाले गेलता, तं म्हने काम हाय." गोजरबाईने बशी खाली ठेवली. "माह्यासंगं बोलत नाही ते."

"माझ्यामुळे झालं हे."

"कोनामुळं झालं, मले नाही समजत बाई. कधी वाटते चूप बसली असती तं बरं झालं असतं. कधी वाटते, नाही, बरं केलं. एका दिवसात दोनी वाटते." मग ती उठली आणि परात शोधू लागली. "पीठ कुठं हाय? भाकरी मी टाकतो."

शरयूची ड्युटी होती. ती जेवून निघाली आणि दार लोटून गेली. गोजरबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेली.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस लोणारच्या गाडीच्या कंडक्टरने दवाखान्यात गोजरबाईचा निरोप आणून दिला. रुखमा बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, सिस्टरबाईला सांगा. शरयूने तो निरोप दोनदा वदवून घेतला. रुखमा आईशी बोलते का, हे त्यात नव्हते. तिने इंद्रभानना पेढे आणायला पाठवले आणि मागच्या खोल्यांकडे गेली. तिथे नवीन आलेली एक म्हातारी सकाळपासून काही खात नव्हती.